टॉवर की सबवूफर? आधी खोलीला विचारा

डग्ग्यावर मनगट दाबत तबलजी ‘घे’ची मींड काढतो, तेव्हा तो सूर खालून वर तेलाच्या धारेसारखा सलग सरकायला हवा. आमच्या घरी तो सरकता सरकता मध्येच एका जागी फुगायचा, खोलीभर घुमायचा आणि पुढच्याच क्षणी बारीक व्हायचा. तबलजी कुणीही असो, मैफल कुठलीही असो, फुगायची जागा ठरलेली.

तेव्हा माझ्याकडे टॉवर स्पीकर होते. दुकानातल्या मोठ्या, गालिचा घातलेल्या दालनात ऐकले, तिथेच मन बसलं आणि घेऊन आलो. घरी 10 बाय 12 च्या खोलीत, टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, कोपऱ्यांत उभे केले. सीडी तीच, स्पीकर तेच, डग्गा मात्र वेगळाच. मी केबल बदलली. मग ॲम्प्लिफायर बदलला. फुगवटा जागचा हलला नाही. एका रविवारी केर काढायला म्हणून सोफा भिंतीपासून दोन फूट पुढे ओढला होता, गाणं चालूच होतं. मी दमून तसाच त्यावर टेकलो आणि मींड सरळ निघून गेली. काहीच बदललं नव्हतं, फक्त माझं डोकं दोन फूट पुढे आलं होतं.

‘टॉवर घेऊ की छोटे स्पीकर घेऊन जोडीला सबवूफर?’ असं कुणी विचारलं की तेव्हापासून मी आधी खोलीचं माप विचारतो. त्या मापाचा इथे काय संबंध, ते कळायला ही दोन यंत्रं नेमकं काय करतात ते पाहू.

टॉवर एवढा उंच कशाला?

टॉवर म्हणजे जमिनीवर उभा राहणारा, साधारण तीन-साडेतीन फुटी स्पीकर. बुकशेल्फ हा त्याचा धाकटा भाऊ, स्टँडवर ठेवायचा. (नाव बुकशेल्फ असलं तरी पुस्तकांच्या फळीत कोंबला की त्याचा आवाज कोंदटतो.) सबवूफर गाणं वाजवतच नाही, गाण्याचा तळ तेवढा वाजवतो. त्याच्या पोटात बहुधा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, म्हणून त्याला वेगळा प्लग लागतो.

टॉवरच्या उंचीचा थोडा उपयोग ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक सूर वाजवणारा छोटा भाग, आपल्या कानाच्या पातळीला आणण्यासाठी होतो. खरं कारण मात्र पोटातली हवा. खालचा सूर काढायचा तर कोनला, म्हणजे पुढे-मागे हलून आवाज काढणाऱ्या पडद्याला, पुष्कळ हवा हलवावी लागते. सूर एक सप्तक खाली गेला आणि आवाज तेवढाच ठेवायचा असला, तर कोनला चौपट अंतर पुढे-मागे व्हावं लागतं. दोन सप्तकं खाली गेला की सोळापट. म्हणजे 80 हर्ट्झला (सेकंदाला 80 कंपनं) अर्धा मिलिमीटर हलणाऱ्या कोनला 20 हर्ट्झला 8 मिलिमीटर हलावं लागेल. नेहमीच्या साडेसहा इंची ड्रायव्हरला (कोन आणि त्याला हलवणारी यंत्रणा) ते झेपत नाही. मग सूर फाटतो किंवा उमटतच नाही.

त्यात खोका लहान असला की आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी कोनला उलटं रेटते. एडगर व्हिल्चर यांनी 1954 मध्ये अमेरिकेत हीच अडचण उपयोगाला लावली. त्यांनी खोका हवाबंद केला आणि कोंडलेल्या हवेलाच कोनची स्प्रिंग केलं. छोट्या खोक्यातून खोल बेस, म्हणजे खालचे सूर, काढायची वाट त्यातून मोकळी झाली, पण त्या स्पीकरला ताकदवान ॲम्प्लिफायर लागायचा. ही देवाणघेवाण कुणालाच चुकत नाही. केएलएच या अमेरिकी स्पीकर-कंपनीच्या नावातला ‘एच’ म्हणजे जे. अँटन हॉफमन. त्यांच्या नावाने एक नियमच सांगितला जातो: लहान खोका, खोल बेस आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच पदरात पडतात.

हा नियम लक्षात ठेवला की सगळं उलगडतं. टॉवर लहान खोक्यावर पाणी सोडतो आणि उरलेल्या दोन गोष्टी बऱ्यापैकी मिळवतो. बुकशेल्फ खोल बेस सोडतो. सबवूफर तिसरी गोष्ट सोडतो. जड कोन, आटोपशीर खोका, आणि त्याला ढकलायला स्वतःचा काहीशे वॉटचा ॲम्प्लिफायर. तुमच्या मुख्य ॲम्प्लिफायरला त्याची झळ लागत नाही. टॉवरचं तसं नाही. बऱ्याच टॉवरांचा विद्युत्-रोध खालच्या सुरांना 4 ओहमपर्यंत किंवा त्याच्याही खाली उतरतो, आणि लहान ॲम्प्लिफायर तिथे धापा टाकतो.

क्षेत्रफळाचाही हिशेब करून पाहा. दोन टॉवरमधले दोन-दोन, मिळून चार साडेसहा इंची कोन एकत्र धरले तर ते एका 12 इंची कोनापेक्षा किंचित जास्त भरतात. कागदावर बरोबरीच आहे. पण 12 इंची सबवूफरचा कोन त्यांच्या कितीतरी पट अंतर पुढे-मागे जाऊ शकतो, आणि हवा हलते ती क्षेत्रफळ गुणिले अंतर या हिशेबाने.

माहितीपत्रक वाचताना एक सवय लावून घ्या. ‘45 हर्ट्झपासून’ असं लिहिलं असेल तर शेजारी उणे किती डेसिबल (आवाजाच्या जोराचं माप) ते बघा. उणे 3 असेल तर तो सूर थोडा दबलेला पण जिवंत असतो. उणे 10 असेल तर तो नावापुरताच. आणि ज्या स्पीकरला हवेचं भोक, म्हणजे पोर्ट असतो, त्याचा बेस ठरलेल्या सुरापर्यंत दमदार येतो आणि त्याखाली कड्यावरून पडल्यासारखा कोसळतो. हवाबंद खोक्याचा बेस आधीपासून उतरायला लागतो, पण उतार सौम्य असतो.

किती खाली जायचंय तुम्हाला?

इथे प्रत्येकाने आपापल्या कपाटातल्या सीड्या किंवा मोबाइलमधली यादी पाहावी. गवयाने पांढरी दोन धरली असेल तर तंबोऱ्याचा खर्ज 73 हर्ट्झच्या आसपास असतो, काळी एक धरली असेल तर 69 च्या. डग्ग्याचा घुमाराही साधारण याच टापूत आणि याच्या थोडा वर फिरतो. ख्याल, नाट्यपद, अभंग, गझल, भावगीत हेच ऐकणं असेल, तर 50 हर्ट्झच्या खाली तुमच्यासाठी फारसं काही वाजतच नाही. तुम्हाला 60 ते 200 हा पट्टा स्वच्छ हवा, न फुगलेला हवा. चांगल्या बुकशेल्फची मजल तिथवर जाते.

बेस गिटारची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झला बोलते. पियानोची सगळ्यात डावीकडची पट्टी 27.5 ला. हल्लीच्या चित्रपटगीतांत आणि हिपहॉपमध्ये संगणकावर घडवलेला ठोका 40 च्या खाली सहज उतरतो. हे ऐकणाऱ्याला साडेसहा इंची ड्रायव्हरच्या मध्यम टॉवरमध्ये त्या ठोक्याची सावली मिळेल. तो छातीत जाणवायला हवा असेल तर सबवूफरच लागेल.

उलट टोकही सांगून ठेवतो. विजेच्या मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण 1925 च्या सुमारास सुरू झालं. त्याआधी गवई भोंग्यासमोर तोंड करून गायचा आणि त्याच्या आवाजाच्या जोरावर सुई मेणात रेघ कोरायची. त्या तबकड्यांत खर्ज जवळजवळ नाहीच. तशी जुनी नाटकाची पदं ऐकताना सबवूफर चालू ठेवलात तर त्यातून येईल ती तबकडीची घरघर.

आपला कानही खालच्या सुरांच्या बाबतीत कंजूष आहे. 1000 हर्ट्झचा सूर जवळजवळ शून्य डेसिबललाही ऐकू येतो. 40 हर्ट्झचा सूर नुसता ऐकू यायलाच 50 डेसिबलच्या आसपास आवाज लागतो, आणि 20 हर्ट्झला जवळपास 80. फ्लेचर आणि मन्सन यांनी अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये 1933 साली हे पद्धतशीर मोजून दाखवलं. रात्री आवाज बारीक केला की आधी बेस का नाहीसा होतो, आणि जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ असं लिहिलेलं बटण का असायचं, याचं उत्तर त्यात आहे.

पण हाच कान एक फार सुंदर गोष्टही करतो. मूळ सूर कमी पडला तरी त्याच्या वरचे स्वरांश ऐकून तो खालचा सूर मनात उभा करतो. तंबोऱ्याच्या जवारीत वरच्या स्वरांशांची इतकी श्रीमंती असते की ट्रान्झिस्टरच्या तळहाताएवढ्या स्पीकरवरही आपल्याला खर्ज ‘ऐकू’ येतो. लहानपणी सकाळच्या आकाशवाणीवर आपण सगळ्यांनी तो तसाच ऐकलेला आहे.

खोली स्वतःच्या सुरात वाजते

आता त्या दोन फुटांकडे येतो.

हवेतून आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. 1000 हर्ट्झच्या सुराची एक लाट 34 सेंटिमीटरची, वीतभर-दीडवीतभर. 47 हर्ट्झची लाट 7.3 मीटर, म्हणजे 24 फूट. माझी खोली लांबीला 12 फूट. लाट खोलीच्या बरोबर दुप्पट आहे. ती समोरच्या भिंतीकडून निघते, मागच्या भिंतीवर आपटून परत येते आणि नेमकी अशा वेळी परतते की पुढच्या लाटेला हातभार लागतो. झोपाळ्याला योग्य क्षणी धक्का देत राहिलं की झोका वाढत जातो, तसं. 343 ला खोलीच्या मीटरमधल्या लांबीच्या दुपटीने भागा, तुमच्या खोलीचा पहिला सूर मिळेल. 12 फुटांना 47 हर्ट्झ, 10 फुटांना 56, साडेनऊ फुटी छताला 59. मग त्यांच्या पटी: 94, 112 वगैरे. आणि लांबी-रुंदी दोन्ही मिळून तिरपा तयार होणारा, 73 चा.

या प्रत्येक सुराला खोलीत डोंगर आणि दऱ्या असतात. भिंतीपाशी नेहमी डोंगर. माझा सोफा, घरोघरी असतो तसा, मागच्या भिंतीला टेकलेला. म्हणजे माझं डोकं 94 हर्ट्झच्या डोंगरावर. मींड तिथून जाताना फुगायची ती याच कारणाने. 12 फुटांच्या खोलीत 94 ची दरी मागच्या भिंतीपासून 3 फुटांवर येते. सोफा दोन फूट पुढे ओढल्यावर मी डोंगरावरून बराच खाली उतरलो होतो.

आपल्याकडे हा त्रास जास्त होतो, कारण आपल्या भिंती विटांच्या आणि काँक्रीटच्या. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकलेल्या भिंती असतात. त्या खालच्या सुरांबरोबर थोड्या हलतात, थोडा बेस गिळतात, थोडा बाहेर जाऊ देतात. आपली भिंत सगळा परत फेकते. तिकडच्या समीक्षकाने त्याच्या खोलीत ‘बेस नेमका आहे’ असं लिहिलेला टॉवर आपल्या खोलीत थुलथुलीत वाटू शकतो, आणि त्यात लिहिणारा खोटा नसतो. पडदे, सतरंजी, कापसाची गादी यांनी टाळीचा खणखणाट कमी होतो, तो करायलाच हवा. पण 24 फुटी लाटेला दोन इंचांच्या गादीची जाणीवही होत नाही.

मग टॉवरच पुढे ओढायचे ना? मी ओढले. कोपऱ्यांतून काढून भिंतीपासून अडीच फूट पुढे आणले. गाणाऱ्याचा आवाज एकदम सुटा झाला, दोन स्पीकरांच्या मधोमध, थोडा मागे, जणू तिथे बैठक घातलेली आहे. स्पीकरांना भिंतीपासून मोकळी जागा मिळाली की असंच होतं. पण खर्ज पातळ झाला. स्पीकरमागून भिंतीवर जाऊन परत येणारी लाट पुढच्या लाटेच्या नेमकी उलट पडली की दोघी एकमेकींना पुसून टाकतात. भिंत एक मीटरवर असेल तर ही पुसापुशी 86 हर्ट्झच्या आसपास होते, अडीच फुटांवर असेल तर 110 च्या वर. ते भोक भरायला मी टॉवर मागे सरकवले, तर डग्गा परत फुगला. महिनाभर मी जमिनीवर खडूच्या खुणा करत होतो.

मला या विषयात सांगायचं आहे ते एवढंच. गाणं सुटं, रेखीव ऐकू यायला स्पीकर जिथे हवा, ती जागा आणि बेस सारखा पसरायला तो जिथे हवा, ती जागा सहसा एक नसते. टॉवरमध्ये दोन्ही कामं एकाच खोक्यात चिकटवलेली असतात, त्यामुळे एकाची जागा साधली की दुसऱ्याची बिघडते. मोठ्या खोलीत दोन्हींना पुरेल अशी जागा सापडते. लहान खोलीत क्वचित. सबवूफरने बेसची खोली वाढते हा त्याचा दुय्यम फायदा. मुख्य फायदा असा की बेसचा उगम उचलून दुसरीकडे नेता येतो.

तो दुसरीकडे नेला तरी चालतो, कारण 80 हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतोय हे आपल्याला धड कळत नाही. ती लाट सव्वाचार मीटरची, आपल्या दोन कानांतलं अंतर वीतभरही नाही. दोन्ही कानांना जवळजवळ तेच पोचतं. सिनेमागृहांच्या ध्वनीसाठी प्रमाणं ठरवणाऱ्या टीएचएक्सने मुख्य स्पीकर आणि सबवूफर यांच्यातली वाटणी 80 ला केली ती याच टापूत. शिवाय सबवूफर भिंतीला खेटून ठेवला की त्याची पुसापुशी 280 हर्ट्झच्याही वर जाते, जिथे तो वाजतच नाही. भिंतीजवळची जी जागा टॉवरला मारक, तीच सबवूफरला मानवते.

खोलीभर रांगत

बाजारात टीव्हीबरोबर लावायला पाच छोट्या डब्यांबरोबर जो ‘वूफर’ मिळतो, त्यावरून सबवूफरबद्दल मत बनवू नका. त्या डब्यांना 150-200 हर्ट्झच्या खाली वाजवता येत नाही, मग त्यांच्या वाट्याचं सगळं त्या एका वूफरच्या गळ्यात पडतं आणि पुरुषाचा आवाज टेबलाखालून येतो. चित्रपटांसाठीच्या 5.1 (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) या मांडणीतला ‘.1’ हा चित्रपटातले स्फोट-गडगडाट यांच्यासाठी राखलेला वेगळा ट्रॅक आहे. स्टिरिओ गाण्यात तसा ट्रॅकच नसतो. तिथे सबवूफरने डाव्या-उजव्या दोन्ही वाहिन्यांतला तळ घ्यायचा आणि आपण आहोत हे कळू द्यायचं नाही.

मी टॉवर एका मोठ्या हॉलवाल्या नातेवाइकाला दिले (तिथे ते आजही झकास वाजतात), बुकशेल्फ आणि 10 इंची हवाबंद सबवूफर आणला. पहिल्या दिवशी तो रिकाम्या कोपऱ्यात ठेवला, कारण कोपरा रिकामा होता. मी सोफ्याच्या मधोमध बसून म्हणत होतो, पांढरी दोनचा खर्ज येतच नाही. बायको सोफ्याच्या टोकाला बसून म्हणत होती, अहो, किती घुमतंय ते, कमी करा. दोघांचंही खरं होतं. कोपऱ्यातला एकटा सबवूफर 73 चा तो तिरपा सूर भरपूर चेतवतो. त्याची दरी खोलीच्या रुंदीच्या मध्यावर, म्हणजे माझ्या जागी, आणि डोंगर बाजूच्या भिंतीशी, म्हणजे तिच्या.

मग आम्ही ती सुप्रसिद्ध उलटी युक्ती केली. सबवूफर उचलून सोफ्यावर, माझ्या बसायच्या जागी ठेवला. मोबाइल ॲम्प्लिफायरला जोडून त्यावरच्या ॲपने 40 पासून 100 पर्यंत एकेक सूर लावत गेलो आणि मी भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगत, कान जमिनीपासून फूटभर ठेवून ऐकत गेलो. दाराच्या कोपऱ्यात एका सुराला कान दाबल्यासारखे झाले. बाजूच्या भिंतीच्या मध्यावर 47 गायबच. समोरच्या भिंतीपाशी, टीव्हीच्या टेबलाच्या डाव्या अंगाला, जवळजवळ सगळे सूर सारखे. मुलीने तिथे खडूने फुली मारली. कान जिथे सगळं सारखं ऐकतो तिथे सबवूफर ठेवला की तोच सारखेपणा बसायच्या जागी मिळतो, कारण आवाजाची वाट दोन्हीकडून सारखीच असते. त्या फुलीवर ठेवल्यावर सोफ्याच्या टोकाची तक्रार थांबली.

पुढचं काम बटणांचं. क्रॉसओव्हर म्हणजे सबवूफरने कुठपर्यंत वाजवायचं ती हद्द. 80 पासून सुरुवात करावी. फार वर नेली, 120-130 ला, तर पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग सबवूफरमधून यायला लागतो आणि गवई दोन ठिकाणी बसल्यासारखा होतो. फेज म्हणजे सबवूफरचा कोन आणि स्पीकरचा कोन एकाच वेळी पुढे येतात का ते जुळवणं. क्रॉसओव्हरच्या सुरालाच, माझ्याकडे 80 ला, सूर लावून ठेवायचा, एकाने बसून ऐकायचं, दुसऱ्याने फेजचं बटण फिरवायचं. जिथे आवाज सगळ्यात मोठा, ती जागा बरोबर. हे काम दोघांचंच, एकट्याने सोफा आणि सबवूफर यांच्यात खेपा घालण्यात मगाचा आवाज विसरायला होतो.

गेन, म्हणजे सबवूफरच्या आवाजाची पातळी, सगळ्यात शेवटी. इथे बहुतेक जण चुकतात, मीही आठवडाभर चुकलो. नवी वस्तू ऐकू यावी असं वाटतं आणि गेन वर जातो. रीत उलटी आहे. ओळखीचं गाणं लावा, सबवूफर वेगळा ऐकू येईपर्यंत गेन वाढवा, मग तो ऐकू येईनासा होईपर्यंत कमी करा. आता तो बंद करून बघा. खोली एकदम लहान झाल्यासारखी वाटली तर गेन बरोबर लागला आहे.

ॲम्प्लिफायरवर ‘सब आउट’ (सबवूफरची तार जोडायची जागा) नसेल तरी अडत नाही. अनेक सबवूफरना स्पीकरच्या तारांवरूनच सिग्नल घेता येतो. त्याहून मोलाची सोय म्हणजे मुख्य स्पीकरांना 80 च्या खालचं काम पाठवायचंच नाही. घरगुती थिएटरच्या रिसीव्हरमध्ये ती असते, साध्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरमध्ये बहुधा नसते, विकत घेताना विचारावं. मघाचा चौपटीचा हिशेब आठवा. 80 च्या खालचं ओझं उतरल्यावर पाच-साडेपाच इंची कोनची धावपळ संपते आणि गाणाऱ्याचा आवाज आणखी स्वच्छ होतो. सबवूफर लावल्यावर सुधारलेली गोष्ट खर्ज नसून गळा आहे, हे ऐकणाऱ्याला आधी पटत नाही.

‘सबवूफरचा बेस सुस्त असतो, टॉवरचा चपळ’ असं पुष्कळदा ऐकू येतं. ठोक्याचा कडक भाग, चाटीवरचा ‘ना’ किंवा डग्ग्यावर बोट पडतानाची थाप, हा कितीतरी वरच्या सुरांचा असतो आणि तो मुख्य स्पीकरच वाजवतात. तळ मागे राहिल्यासारखा वाटतो तो सहसा फेज चुकल्याने, गेन जास्त झाल्याने किंवा खोलीत तो सूर रेंगाळल्याने. तरी त्या तक्रारीत तथ्य आहे. टॉवर घरी आणून उभे केले की निदान त्यांचे स्वतःचे ड्रायव्हर एकमेकांशी कारखान्यातच जुळवलेले असतात. सबवूफरचं जुळवणं तुमच्यावर असतं, आणि अर्धवट जुळवलेला सबवूफर मध्यम टॉवरपेक्षा नक्कीच वाईट वाजतो. ज्याला दोन-तीन रविवार यात घालवायचे नाहीत, त्याने तो घेऊ नये.

खालच्या मजल्यावर

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने हा विचार खरेदीच्या आधी करावा. आपल्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री, म्हणजे 10 ते 6, 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. हे मोजमाप कानाच्या सवयीप्रमाणे वजन लावून होतं, आणि त्या वजनात 50 हर्ट्झचा आवाज 30 डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे मीटरचा काटा शांत असतो आणि खालच्या काकूंच्या फडताळातली भांडी किणकिणत असतात. खालचे सूर स्लॅबमधून, खांबांतून उतरतात. सबवूफरच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे दिले तर जमिनीत थेट जाणारी थरथर कमी होते, हवेतून भिंतीला भिडणारा बेस मात्र तसाच जातो. सबवूफरचं सुख इतकंच की रात्री दहाला तो बंद करता येतो आणि बुकशेल्फवर गाणं चालू राहतं. टॉवरचा तळ असा कापता येत नाही, टोनचं बटण थोडंफार काम करतं तेवढंच.

मग कुणी काय घ्यावं? 10 बाय 12 किंवा त्याहून लहान खोलीत मी टॉवर सुचवणार नाही. जागा वाचेल म्हणून नव्हे, स्टँडवरचा बुकशेल्फही जमिनीवर टॉवरएवढीच जागा अडवतो. कारण वर सांगितलं तेच, जागांचं भांडण. तिथे ख्याल-भावगीत ऐकणाऱ्याने आधी फक्त बुकशेल्फ आणि चांगले जड स्टँड घ्यावेत, सोफा भिंतीपासून सोडवावा आणि सहा महिने ऐकावं. कमी वाटलं तर सबवूफर नंतर येतोच, सगळे पैसे एकदम घालायची गरज नाही. 15 बाय 20 किंवा मोठा हॉल असेल, मंडळी दहा-बारा जमत असतील, आवाज मोठा लागत असेल, तर टॉवर घ्या. मोठ्या हॉलमध्ये 80 ते 300 या पट्ट्याला जो भरदारपणा लागतो, पखवाजाच्या थापेला जो लागतो, तो एकट्या छोट्या बुकशेल्फला पुरवता येत नाही, आणि सबवूफर तिथे पोचत नाही. टॉवर असूनही खालचं ठोक्याचं संगीत ऐकायचं असेल तर त्यांच्या जोडीला सबवूफर लावण्यात काहीच गैर नाही. आणि तीन-चार माणसं वेगवेगळ्या जागी बसून ऐकत असतील, तर एका मोठ्या सबवूफरऐवजी दोन लहान घ्यावेत. हरमन या ध्वनियंत्रं बनवणाऱ्या कंपनीत टॉड वेल्टी यांनी असंख्य मांडण्या तपासून दाखवलं की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले की खोलीचे डोंगर-दऱ्या बऱ्याच सपाट होतात. ज्या सुराची दरी आहे तिथे इक्वलायझरने (निवडक सूर कमी-जास्त करणारं साधन) आवाज चढवून उपयोग होत नाही, जेवढा ओताल तेवढा पुसला जातो. डोंगर मात्र इक्वलायझरने कापता येतात. माझ्या खोलीत 47 चा एक डोंगर शिल्लक होता, तो मी 6 डेसिबलने कापला.

सोफा अजूनही भिंतीपासून दोन फुटांवर आहे. मागच्या फटीत मुलीने झाडांच्या कुंड्या मांडल्या आहेत, त्यामुळे आता तो कुणी मागे सरकवत नाही.